दारूबंदीचा हिशेब मांडणारे वकील : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे

वर्ध्याहून पाच मैलांवर असलेल्या सेगावात महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी राहावयास गेले, तेव्हा त्या खेड्याची वस्ती सहाशेच्या आसपास होती. गावातील बरीचशी जमीन सेठ जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीची. राहण्यासाठी उभारावयाच्या झोपडीवर शंभर रुपयांपेक्षा अधिक खर्च होता कामा नये, अशी गांधीजींची अट होती. बुलडाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचा घोळ होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आज सेवाग्राम पाहावयास जाणारे यात्रेकरू बापूकुटीतील बैठक, चरखा आणि व्हाइसरॉयने बोलण्याच्या सोयीसाठी बसवून दिलेला टेलिफोन पाहून परततात. त्या मातीच्या भिंतींमागून निघालेल्या एका विचाराने १९३७ ते १९३९ या दोन वर्षांत मुंबई सरकारच्या तिजोरीत किती मोठे भगदाड पडले आणि ते बुजविण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले, ही कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. ते काम ज्यांच्या वाट्याला आले ते गृहस्थ जैन होते, व्यवसायाने वकील होते आणि बेळगाव जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून आले होते. त्यांचे नाव अण्णा बाबाजी लठ्ठे.

१९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांनंतर १९३७ च्या जुलैमध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. ऑगस्ट महिन्यात वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली आणि तिने तीन वर्षांच्या आत संपूर्ण दारूबंदी करावी, असे मंत्रिमंडळांना सांगितले. त्याच सुमारास गांधीजी ‘हरिजन’ पत्रातून एक अत्यंत बोचरा मुद्दा मांडीत होते. प्रांतांना शिक्षणाचे खाते मिळाले, पण मुलांच्या शाळा चालविण्यासाठी हाती उरले ते दारूचे उत्पन्न. बापाने गुत्त्यावर उधळलेल्या पैशातून मुलाला अक्षरओळख करून द्यावयाची, ही व्यवस्था त्यांना क्रूर थट्टा वाटत होती. दारूचा महसूल सोडावयाचा म्हणजे शाळा बंद पडतील, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले ते स्वावलंबी शिक्षणाच्या कल्पनेचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे ‘नयी तालीम’ उदयास आली, तिच्या मुळाशी हा पैशाचाही प्रश्न होता, हे सहसा विसरले जाते.

सेगावच्या झोपडीतून हा प्रश्न नैतिक दिसत होता आणि तो नैतिक होताच. मुंबईच्या सचिवालयात मात्र तो जमाखर्चाचा होता. मुंबई प्रांताचे वार्षिक उत्पन्न बारा कोटी रुपयांच्या आसपास असे आणि त्यातील सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येई. जमीन महसूल, मुद्रांक, नोंदणी फी, जंगल अशा मोजक्या बाबी प्रांताकडे होत्या. प्राप्तिकर केंद्राचा, नीमायर यांच्या निवाड्याप्रमाणे प्रांतांना वाटून द्यावयाच्या हिश्श्यातील वीस टक्के मुंबईला मिळावयाचे, पण ती रक्कम प्रांताच्या मर्जीवर वाढणारी नव्हती. ज्या घराचे चार आण्यांचे उत्पन्न एका झटक्यात बंद व्हावयाचे आहे आणि ज्याचा खर्च कमी होणार नाही, अशा घराचा कारभार चालविणे काय असते, हे व्यापारी कुटुंबांतील वाचकांना सांगावयास नको.

लठ्ठे यांच्या आयुष्यात या क्षणापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सरळ नव्हता. जन्म १८७८ साली कुरुंदवाडचा. पटवर्धनांच्या लहानशा संस्थानातील हा जैन मुलगा पुढे एम. ए., एलएल. बी. झाला. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज तेव्हा मुख्यतः शेतकरी होता. व्यापार, दुकानदारी होती, पण इंग्रजी उच्चशिक्षण घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. ३ एप्रिल १८९९ रोजी निपाणीजवळील स्तवनिधी या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. त्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या तरुणांत लठ्ठे होते आणि त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. यात्रेला जमलेल्या समाजाने पूजा-अभिषेकाबरोबर शाळा, वसतिगृहे आणि रूढींची सुधारणा यांचाही विचार करावा, ही सभेची दृष्टी. १९०५ साली त्यांनी इंग्रजीत जैन धर्माचा परिचय करून देणारे पुस्तक लिहिले. ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टु जैनिझम’ हे त्याचे नाव. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, हे युरोपीय पंडितांनाही नुकतेच पटू लागले होते, त्या काळातले हे लेखन आहे.

कोल्हापुरात ते राजाराम कॉलेजमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे संस्थानाच्या शिक्षणखात्यात अधिकारी झाले. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे शहरात उभी राहत होती. त्यांपैकी जैन वसतिगृहाची देखरेख लठ्ठे यांच्याकडे होती. येथेच त्यांचा संबंध भाऊराव पाटील या विद्यार्थ्याशी आला, जे पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाले.

हा प्रसंग कर्मवीरांच्या चरित्रांतून नेहमी सांगितला जातो. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात यावयाचे नाही, असा वसतिगृहाचा दंडक पुढे करण्यात आला. भाऊरावांनी स्नान करावयाचे नाकारले. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले आणि महाराजांनी त्यांना राजवाड्यावर आसरा दिला. लठ्ठे हे सुधारक. जातिभेदावर टीका करणारे. तरीही वसतिगृहाचे पालक म्हणून त्यांनी नियमाची बाजू घेतली. त्यांच्या चरित्रातील हा डाग पुसण्याचे कारण नाही. समाजाच्या देणग्यांवर चालणारी संस्था सांभाळणारा माणूस आणि स्वतःच्या मताने चालणारा माणूस यांच्यात जी ओढाताण होते, तीत लठ्ठे यांनी संस्था निवडली आणि एका सोळा आणे खऱ्या विद्यार्थ्याला बाहेर घालविले, एवढेच म्हणता येईल.

या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक विलक्षण आहे. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला. तो ‘डांबर प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. लठ्ठे यांच्याविषयी दरबारातील काही मंडळींच्या मनात अढी होती आणि संशयाचा रोख त्यांच्याकडे वळविण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी साक्षीदार हवा होता. भाऊरावांवर दडपण आले : लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्या. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहातून काढले त्याच्यावर सूड उगविण्याची संधी समोर होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना कोठडीत डांबण्यात आले, छळ झाला, त्या छळात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण शब्द फिरविला नाही. लठ्ठे वाचले. ज्याचे ऋण कोणत्याही खतावणीत लिहिता येत नाही, असे हे ऋण होते. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

कोल्हापूर सोडून लठ्ठे बेळगावी वकिली करू लागले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा दुसरा टप्पा येथून सुरू होतो. ब्राह्मणेतर चळवळीचे ते बुद्धिवादी प्रवक्ते झाले. ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत आदी समाजांना कायदेमंडळांत प्रतिनिधित्व मिळावे, असा आग्रह धरला. टिळकांच्या स्वराज्यवादी राजकारणाचे ते कठोर टीकाकार होते. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ ते १९२३ या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. बेळगावचा वकील, प्राध्यापकी केलेला, कायद्याच्या भाषेवर हुकमत असलेला हा सभासद इंग्रजी वादविवादात कोठेही कमी पडणारा नव्हता.

१९२४ साली त्यांनी शाहू महाराजांचे चरित्र इंग्रजीत दोन खंडांत प्रसिद्ध केले. ज्या दरबारात आपल्यावर आळ घेण्यात आला, त्या दरबाराच्या अधिपतीचे चरित्र, महाराजांच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांत, इतक्या आदराने लिहावे, यातून लठ्ठे यांच्या स्वभावाची एक बाजू कळते. व्यक्तिगत अपमान आणि सार्वजनिक कार्याचे मूल्य यांची दोन वेगळी खाती त्यांनी ठेवली होती. शाहू महाराजांविषयीच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. पुढे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लठ्ठे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. ‘दिवाणबहादूर’ ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची चिकटली.

अशा माणसाने पुढे काँग्रेसमध्ये यावे, याचे त्या वेळी अनेकांना आश्चर्य वाटले असणार. परंतु १९३० नंतर महाराष्ट्रातील बहुजन समाजाचे नेतृत्व मोठ्या प्रमाणात काँग्रेसकडे वळत होते. केशवराव जेध्यांनी ती वाट दाखविली होती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या १७५ सभासदांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले (त्या वेळी या पदाला पंतप्रधान म्हणत). कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री, मोरारजी देसाई महसूलमंत्री, डॉ. गिल्डर आरोग्य व अबकारी मंत्री आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थ व ग्रामविकास मंत्री. मंत्र्यांचा पगार कराची ठरावाला अनुसरून दरमहा पाचशे रुपये. वयाच्या साठीकडे झुकलेल्या आणि संस्थानी दिवाणगिरी केलेल्या वकिलाला हा पगार त्याग म्हणावा असाच होता, पण त्याची जाहिरात करण्याची त्या मंडळींत पद्धत नव्हती.

गमतीचा भाग असा की दारूबंदीचे खाते डॉ. गिल्डर या पारशी गृहस्थांकडे आणि तिचे बिल चुकविण्याचे काम लठ्ठे या जैन गृहस्थांकडे आले. पारशी समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ ताडी-दारूच्या व्यापारावर होता, तर जैन श्रावकाच्या मूलगुणांत मद्याचा त्याग पहिलाच. सप्तव्यसनांत मद्य आहे. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा कर्मादानांत ‘रसवाणिज्य’ येते, म्हणजे मद्यासारख्या पदार्थांचा व्यापारही वर्ज्य. दारू पिणे तर दूरच, ती विकून मिळालेला पैसाही घरात घ्यावयाचा नाही, हा जो शास्त्राचा कटाक्ष आहे, तोच गांधीजी सरकारच्या तिजोरीला लावू पाहत होते. सरकार हे एक मोठे घर मानले, तर अबकारी म्हणजे त्या घराचे रसवाणिज्यच. लठ्ठे यांच्या मनात हा विचार कोणत्या शब्दांत आला असेल, याचा तर्क करण्याची गरज नाही. त्यांच्या अंदाजपत्रकांनी काय केले ते नोंदलेले आहे.

दारूबंदी टप्प्याटप्प्याने आली. १९३८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या शहरात ती प्रथम झाली. मोठी कसोटी होती मुंबई शहराची. बंदर, गिरण्या, युरोपीय वस्ती, क्लब, हॉटेले आणि हजारो ताडीची झाडे असलेल्या या शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी सुरू होणार, असे ठरले. अबकारीचे सर्वांत मोठे उत्पन्न याच शहरातून येत होते. ते बंद झाल्यावर पैसा कोठून आणावयाचा?

त्या वेळी निरनिराळ्या प्रांतांनी निरनिराळे मार्ग शोधले. मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी हेही वकील. त्यांनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली आणि १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर बसविला. व्यापाऱ्याच्या उलाढालीवर अर्धा टक्का, असा तो भारतातील पहिला सर्वसाधारण विक्रीकर होता. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने, म्हणजे ज्याच्या हद्दीत सेगाव होते त्याच सरकारने, १९३८ मध्ये पेट्रोलच्या विक्रीवर कर बसविला आणि तो प्रांताच्या अधिकारात बसतो की नाही, हा वाद थेट दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेला. कोर्टाने प्रांताच्या बाजूने निकाल दिला.

लठ्ठे यांनी १९३९ च्या अंदाजपत्रकात मुख्य भार टाकला तो शहरातील स्थावर मालमत्तेवर. इमारतीच्या वार्षिक भाडेमूल्यावर साधारण दहा टक्के, असा हा शहरी मालमत्ता कर. त्यातील हिशेब वकिली पद्धतीचा होता. विक्रीकर शेवटी गिऱ्हाइकावर जातो आणि गिऱ्हाईक गरीबही असते. जमीन महसूल आधीच शेतकऱ्याच्या कंबरेवर बसलेला. मुंबई शहरात मात्र गेल्या पिढीत घरांच्या आणि जागांच्या किमती वाढल्या होत्या, आणि दारूबंदीचा लाभ कोणाला होणार? मजुराच्या घरी पगार पूर्ण पोहोचला तर त्याचा चाळमालकही भाडे वेळेवर मिळवील, गिरणीमालकाचे खाडे कमी होतील, दुकानदाराचे धान्य-कापड खपेल. म्हणून ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांनी द्यावे. या युक्तिवादात तथ्य होते, तरी तो संपूर्ण नव्हता. चाळमालकाला भाडे वाढविता आले तर कर शेवटी खोलीतल्या माणसावरच येणार, आणि न आले तर विधवा, वृद्ध व धर्मादाय ट्रस्ट यांचे ठरावीक उत्पन्न एकदम कापले जाणार. दोन्ही गोष्टी शहरात घडण्यासारख्या होत्या.

विरोध जबरदस्त झाला. पारशी समाजाला दुहेरी फटका होता : व्यापार गेला आणि घरांवर कर बसला. शहरातील मुस्लिम घरमालकांनी निषेध केला. गुजराती, मारवाडी, कच्छी व्यापाऱ्यांच्या चाळी भुलेश्वर, काळबादेवी, मांडवीपासून परळपर्यंत पसरलेल्या. त्यांत जैन पेढ्याही होत्या. मद्यत्यागाच्या उपदेशाला हात जोडणाऱ्या अनेक शेठियांना त्याच उपदेशाची पावती भाडेपट्टीच्या दहा टक्क्यांच्या रूपाने आली. त्यांना ती जड गेली असेल तर नवल नाही. व्रत घेणे निराळे आणि शेजाऱ्याने व्रत घ्यावे म्हणून आपण वर्गणी भरणे निराळे. अर्थमंत्री लठ्ठे यांनी मात्र तसा भेद केला नाही.

सेगावहून गांधीजी ‘हरिजन’मधून पारशी मित्रांना उद्देशून लिहीत होते आणि मुंबई सरकारच्या पाठीशी ठाम उभे होते. विधानसभेत दुसऱ्या दिशेनेही टीका आली. विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ. वित्तव्यवहारावर त्यांनी लंडन-न्यूयॉर्कमध्ये प्रबंध लिहिलेले. दारूबंदी ही आज सर्वांत निकडीची गरज आहे काय, की गरिबांच्या मुलांचे शिक्षण अधिक निकडीचे, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. सरकारने एवढा मोठा नवा पैसा उभा केला, तर तो शाळांकडे का वळवू नये? लठ्ठे यांच्यासमोर उभी राहिलेली ही सर्वांत अवघड हरकत होती. घरमालकांच्या तक्रारीला उत्तर देता येत होते. या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर दारूबंदी हे स्वतःच शिक्षणाइतके मूलभूत आहे, असे मानावे लागते. गांधीजी ते मानीत होते. बाबासाहेब मानीत नव्हते. कोल्हापुरात शिक्षणखात्याचा अधिकारी राहिलेल्या, वसतिगृहे चालविलेल्या लठ्ठे यांना हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक टोचला असावा.

मालमत्ता कराची लढाई न्यायालयात गेली. सर बैरामजी जीजीभॉय यांनी मुंबई सरकारविरुद्ध दावा लावला. हा कर वस्तुतः उत्पन्नावरचा आहे, उत्पन्नावर कर घेण्याचा अधिकार केंद्राचा, म्हणून प्रांताचा कायदा अवैध, असा वादींचा मुद्दा होता. हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने तो फेटाळला : भाडेमूल्य हे केवळ मोजमाप आहे, कर जमिनी व इमारतींवरचा आहे आणि तो प्रांताच्या यादीत येतो. करकायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल आजही वाचावा लागतो. कराचे मोजमाप आणि कराचा विषय यांत फरक आहे, हे तत्त्व पुढील अनेक खटल्यांत उपयोगी पडले. मंत्रिमंडळाने पैसा उभा करण्याची जी वाट निवडली, ती कायद्याच्या कसोटीला उतरली.

दारूबंदीच्या हुकमाचे मात्र तसे झाले नाही. ती जुन्या अबकारी कायद्याखाली अधिसूचना काढून अंमलात आणली होती. १९४० मध्ये हायकोर्टाने त्या अधिसूचनेला अवैध ठरविले. तोपर्यंत मंत्रिमंडळच राहिले नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाले, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांत गव्हर्नरच्या हाती गेला. मुंबई शहरात लठ्ठे यांच्या दारूबंदीला मंत्रिमंडळाची साथ लाभली ती जेमतेम तीन महिने. गव्हर्नरच्या राजवटीत ती ढिली पडत गेली. शहरी मालमत्ता कर मात्र पुढेही चालू राहिला. ज्या खर्चासाठी वर्गणी गोळा केली तो खर्च थांबला आणि वर्गणी मात्र चालूच, असा हा प्रकार. सरकारी करांच्या इतिहासात तो पहिलाही नाही आणि शेवटचाही नाही.

१९४६ साली खेरांचे दुसरे मंत्रिमंडळ आले तेव्हा अर्थखाते वैकुंठभाई मेहता यांच्याकडे गेले. त्याच वर्षी मुंबई प्रांतातही सर्वसाधारण विक्रीकर आला आणि लठ्ठे यांनी घरमालकांवर टाकलेल्या ओझ्याशेजारी व्यापाऱ्यांचे ओझेही येऊन बसले. दारूबंदीचा कार्यक्रम पुन्हा हाती घेण्यात आला, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० रोजी संपूर्ण मुंबई राज्य कोरडे झाले. त्याच साली अण्णासाहेब लठ्ठे यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था सांगलीत उभी आहे आणि दक्षिण महाराष्ट्र जैन सभा शंभर वर्षे उलटून गेली तरी कार्यरत आहे. अर्थमंत्री म्हणून त्यांची आठवण मात्र त्या मानाने पुसटच राहिली. त्याचे एक कारण असे असावे की ते ना पक्के गांधीवादी होते, ना चळवळीत तुरुंग भोगलेले, आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासातही ते अखेरीस काँग्रेसमध्ये गेले म्हणून बाजूला राहिले. कोणत्याच घराने त्यांना पूर्णपणे आपले म्हटले नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर दारूबंदीचा कायदा पुस्तकात राहिला आणि परवान्यांच्या मार्गाने दारू परत आली. अबकारी महसूल पुन्हा राज्याच्या उत्पन्नाची मोठी बाब झाला. वर्धा जिल्हा याला अपवाद ठरला. सेवाग्राम आणि पवनार या दोन आश्रमांच्या या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे नागपूर आणि यवतमाळ येथे परवानाधारक दुकाने आहेत, तेथून चोरट्या मार्गाने माल येतो, गावठी भट्ट्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात, आणि बचत गटांच्या महिला मोर्चे काढून आपल्या गावातील अड्डे बंद करावयास लावतात. त्या दुकानांचा महसूल नागपूर-यवतमाळच्या नावाने राज्याच्या तिजोरीत जमा होतो. वर्ध्याच्या बुडालेल्या महसुलासाठी कोणत्याही अर्थमंत्र्याने वेगळा कर मांडलेला नाही.